कप एक झाला, आता खाड्यांचं बघा

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी कोथरूडला राहते, वय ४६, बँकेत नोकरी. आमच्या मैत्रिणींच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये या महिन्यात थ्रिटी उमरीगर यांची 'द स्पेस बिट्वीन अस' ही कादंबरी होती. वाचून झाल्यापासून मला धड झोप नाहीये. आमच्याकडे धुणंभांडी आणि केर-फरशीला मावशी येतात, १३ वर्षं झाली. त्यांचा कप वेगळा आहे, सिंकखालच्या कप्प्यात असतो. मला आजवर त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. पुस्तक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या कपात चहा दिला आणि म्हटलं, बसा खुर्चीवर. त्या बसल्या नाहीत. स्वतःचा कप काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि नेहमीसारख्या ओट्याला टेकून उभ्यानेच प्यायल्या. मी घरचं विचारायला लागले तर म्हणाल्या, 'आमचं काय वहिनी, चाललंय,' आणि भांड्यांना लागल्या. सासूबाई (७८) भडकल्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा याच मावशींनी त्यांना दीड महिना अंघोळ घातली होती, वेणी घातली होती. नवरा म्हणतो, कादंबरीच ती, खरी थोडीच असते, एवढं काय मनावर घ्यायचं. मला मावशींची माफी मागावीशी वाटते. मागू का? की मी उगाच फार करतेय?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही उगाच फार करत नाही आहात, हे आधी सांगून टाकते. आणि माफी एवढ्यात मागू नका, हेही. असं का ते सांगताना थोडं लांबेल, कारण ही कादंबरी मी दोनदा वाचलीय आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला होता.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगते. २००६ साली आलेली इंग्रजी कादंबरी, घडते मुंबईत. लेखिका मुंबईतच वाढलेल्या पारशी, पुढे अमेरिकेत गेल्या. सेरा दुबाश ही खाऊनपिऊन सुखी अशा पारशी घरातली विधवा आणि भीमा तिच्याकडे वर्षानुवर्षं कामाला. भीमाला लिहिता-वाचता येत नाही, झोपडपट्टीत राहते, आईबाप गेलेल्या नातीला, मायाला, एकटीने वाढवते. मायाच्या कॉलेजचा खर्च सेरा उचलते. आणि ही माया लग्नाआधी गरोदर राहिलीय, तिथून सगळं सुरू होतं. मी पुढे शेवटसुद्धा सांगणार आहे, त्याशिवाय तुमच्या पत्राला उत्तरच देता येणार नाही, त्यामुळे ज्यांना वाचायचीय त्यांनी आधी वाचून या, मग इकडे.

तुमच्या मिस्टरांचं पहिलं घेते. कादंबरी खरी नसते, मान्य. पण मला सांगा, मावशी तुमच्याकडे असतात किती वेळ? भांडी, केर, फरशी, मशीनमधले कपडे वाळत घालायचे, धरून चला पन्नास मिनिटं, फार तर तास. १३ वर्षं रोज येणाऱ्या बाईचा तुम्हाला माहीत असलेला भाग तेवढाच, बेल वाजते तिथे सुरू होतो आणि दार लागतं तिथे संपतो. उरलेल्या तेवीस तासांत ती कोण असते ते आपल्याला ठाऊक नसतं आणि विचारलं तरी ती सांगेलच असं नाही, तो अनुभव तुम्ही घेतलाच. कादंबरी काय करते, तर भीमाबरोबर जिना उतरते आणि तिच्याबरोबर वस्तीत जाते. पहाटे पाण्याची आणि संडासची रांग, शेजारच्या बायका, तिची तंबाखू, आणि या सगळ्यात डोक्यात चोवीस तास एकच, की पोरीचं आता काय करायचं. मग ती सेराच्या दारात पोचते तेव्हा आपण दाराच्या आत बसलेलो नसतो, बाहेर तिच्या शेजारी उभे असतो. आयुष्यभरात पहिल्यांदा त्या बाजूने दार बघितलं असतं आपण. तुमची झोप त्यामुळेच गेलीय, दुसरं काही नाही.

आणि एक प्रसंग मिस्टरांना वाचून दाखवा. भीमाचा नवरा गोपाळ, त्याची कारखान्यात मशीनमध्ये तीन बोटं जातात. कारखान्याचा माणूस येतो, गोड बोलतो, कागद पुढे करतो, भीमाला वाचता येत नाही, ती अंगठा देते. नुकसानभरपाईवरचा हक्क त्या अंगठ्यासरशी गेला. पुढे गोपाळ दारूला लागतो आणि एक दिवस मुलाला घेऊन निघून जातो. आपण किती सहज म्हणतो ना, "यांचे नवरे काय, प्यायचेच." मी पण म्हटलंय, कितीदा तरी, बाईसमोरसुद्धा म्हटलं असेल. कादंबरीने मला पिण्याच्या आधीचा गोपाळ दाखवला, हसरा, बायकोवर जीव असलेला, तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आता हे मला पेपरने दाखवलं असतं का? पेपरात मोलकरीण येते ती 'मोलकरणीने दागिन्यांवर डल्ला मारला' म्हणून. सिनेमात? आपला १९६३ चा 'मोलकरीण' आठवून बघा, सुलोचनाबाईंचा. 'देव जरी मज कधी भेटला' लागलं की माझ्या आईचे डोळे अजून भरतात आणि माझेही. पण त्या घरात भांडी घासणारी बाई ही त्या घरातल्या साहेबाची सख्खी आई असते, मोलकरीण ती मुळात नसतेच, आणि आपल्याला रडू येतं ते नेमकं त्यासाठी. आपण वाईट वाटून घेतो ते एका आईवर मोलकरीण व्हायची वेळ आली याचं. जिला कुठल्याच घरातली आई म्हणून ओळख मिळणार नाही, जी शेवटपर्यंत मोलकरीणच राहणार, तिच्यासाठी आपण कधी रडलो? ते या कादंबरीने करून घेतलं.

आता सेरा. माझा सगळा जीव इथे अडकलाय, म्हणून जरा सांगू द्या.

सेरा वाईट बाई नाही हो. आपल्यापैकी बऱ्याच जणींपेक्षा चांगली आहे. नवरा जिवंत असताना तिला मारायचा, आणि घरात कुणालाही कळू न देता सोसत असताना तिच्या अंगावरच्या काळ्यानिळ्या डागांवर मलम चोळलं ते भीमाने. न विचारता. त्या हातांनी जे बरं वाटलं ते सेरा कधी विसरत नाही. गोपाळला दवाखान्यात कुणी बघेना तेव्हा सेराच्या नवऱ्याने जाऊन डॉक्टरला झापलं होतं. मायाचं कॉलेज, औषधं, अडीअडचणीला पैसे, सगळं सेरा करते. आणि तरी रोज सकाळी दोघी एकत्र चहा पितात तेव्हा सेरा टेबलाशी खुर्चीवर आणि भीमा खाली उकिडवी, भीमाचा पेला वेगळा. सेराला त्याची लाज वाटते, ती स्वतःशी कबूल करते, पण खुर्चीवर बस असं तिच्या तोंडून निघत नाही, भीमा आपल्या सोफ्यावर बसलीय या नुसत्या कल्पनेने तिचं अंग आकसतं.

मायाच्या पोटातलं मूल सेराच्या जावयाचं असतं. माया सेराच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूची देखभाल करायला जायची, तिथे ते घडलेलं. भीमाला हे कळल्यावर जावई तिच्यावरच चोरीचा आळ घेतो, मग तिच्या तोंडून खरं बाहेर पडतं, आणि सेरा काय करते? भीमाला घराबाहेर काढते. इतक्या वर्षांची सोबत, ते मलम, तो रोजचा चहा, सगळं एका मिनिटात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जावयाचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की सेराने भीमाला दिलेली एकही गोष्ट भीमाची नव्हती. सगळी सेराच्या मनात होती म्हणून होती. मन फिरलं, की कॉलेज गेलं, काम गेलं, आणि भीमाने जाब मागायचा तर कुठल्या तोंडाने, तिच्याकडे कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

आणि हे वाचताना मला माझ्या घरातलं २०२० आठवलं. मी ठाण्याला राहते. मार्चमध्ये आमच्या सोसायटीने कामवाल्या बायकांना गेटवरच थांबवलं. मी माझ्या बाईला फोन करून म्हटलं, काळजी करू नका, पगार चालू आहे. एप्रिलचा दिला, मेचा दिला, आणि स्वतःबद्दल फार बरं वाटलं. जूनच्या मध्यावर मी फोन केला की आता अर्धेच जमतील. आमचे पगार कापले गेले नव्हते, मला उगाचच भीती वाटत होती. ती म्हणाली, "ठीक आहे ताई." एवढंच. माझ्या चांगुलपणाची मुदत अडीच महिने होती आणि ती संपल्यावर तिला "ठीक आहे" म्हणण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. नंतर मी ते पैसे दिले, पण त्या "ठीक आहे"चा आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून म्हणते, माफी आत्ता मागू नका. तुम्ही डोळ्यात पाणी आणून मावशींचे हात धरलेत, तर त्या बिचाऱ्या काय करतील? "अहो नाही हो वहिनी, तुम्ही किती चांगल्या आहात, दुसरीकडे तर..." असं म्हणून तुमचीच समजूत काढतील. म्हणजे भांडी, केर, फरशी आणि वर तुमचं मन हलकं करायचं काम, तेही फुकट, आणि त्यांना पुढच्या घरी जायला उशीर. तुम्ही घरचं विचारलंत आणि त्या "चाललंय" म्हणून कामाला लागल्या, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. १३ वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि एका मंगळवारी सकाळी अचानक विचारलंत, तर कुठलीही शहाणी बाई आधी हाच विचार करेल की झालंय काय, काम सुटणार आहे की काय. शिवाय त्या भीमा नाहीत. त्यांच्या आयुष्यात दारू, मारझोड, मेलेलं माणूस असलंच पाहिजे असं नाही, असलं तरी ते तुम्हाला सांगायचं की नाही ही त्यांची मर्जी. वाचून झाल्यावर आपल्याला आपल्या बाईत लगेच ती भीमा दिसायला लागते, माझंही झालं होतं, त्यापासून जरा जपा.

कपाचं काय करायचं? मावशींनी आपला कप काढला याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण तुम्ही तो चहा दिलात कसा तेही आठवा, बहुतेक दोन्ही हातांनी, समोर उभं राहून, त्यांच्या तोंडाकडे बघत. समारंभ झाला तो. आणि आत सासूबाई बघतायत, हे तुमच्या आधी मावशींना कळलेलं असणार, भांडण झालं तर शेकणार कुणावर हेही त्यांना माहीत. मी काय केलं ते सांगते, पटलं तर करा. घरातले सगळे विजोड कप काढून टाकले, एकसारखे आठ आणले, आणि वेगळा म्हणून कपच ठेवला नाही. काही बोलले नाही. चहा गाळायचा, दोन कप ओट्यावर ठेवायचे, एक आपण उचलायचा आणि स्वयंपाकघरातच उभ्याने प्यायला लागायचं, दुसरा ज्याचा त्याला कळतो. खुर्चीचा आग्रह करू नका. घाईच्या बाईला खाली बसून परत उठणं नको असतं, गुडघे दुखत असतात. स्टूल ओट्याजवळ ठेवा, वाटलं तर बसतील, आज नाहीतर चार महिन्यांनी.

आता मनातलं बोलते, रागावू नका. आपण म्हणतो की आम्ही जातबित मानत नाही, वेगळा कप स्वच्छतेसाठी. अहो, पण घरातले सगळे कप धुतं कोण? ज्या हाताने तुमच्या आमच्या कपाच्या आतून घासणी फिरते तोच हात स्वतःच्या ओठाला लावायला मात्र दुसरा कप लागतो, याला स्वच्छता म्हणत नाहीत. माझ्या आजोळी सांगलीकडे धुणं धुवायला येणाऱ्या बाईला चहा वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. ती पेला खाली ठेवून दोन पावलं मागे सरकायची, आजी ओतायची, मग ती पुढे यायची. लहानपणी मला तो खेळ वाटायचा, धार बरोब्बर पेल्यात पडते म्हणून मी टाळ्या वाजवायचे. आजी प्रेमळ होती, त्या बाईच्या मुलीच्या लग्नात तिने लुगडं आणि भांडी दिली होती. आणि धार मात्र शेवटपर्यंत वरूनच. सिंकखालचा कप हा त्याच धारेचा फ्लॅटमधला अवतार आहे, त्याचं नाव जात आहे, आपण ते नाव घेत नाही इतकंच. परत त्या बाईंना हाक काय मारायची, तर मावशी! माय मरो पण मावशी जगो म्हणणारी आपली भाषा, आणि त्या मावशीचा कप फिनेलच्या बाटलीशेजारी.

सासूबाईंशी मात्र भांडू नका, आणि त्यांच्या हातात कादंबरीही देऊ नका. कादंबरीतलाच एक धागा देते, तो वापरा. सेरा लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पाळीच्या दिवसांत वेगळं बसवलं होतं, खोली वेगळी, ताट वेगळं, कशाला हात लावायचा नाही. शिकलेली, मोकळ्या घरातून आलेली सेरा तेव्हा अपमानाने जळते. आणि हीच सेरा पुढे भीमाचा पेला वेगळा ठेवते आणि दोन गोष्टी तिच्या मनात एकत्र येतच नाहीत. तुमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या, म्हणजे त्यांनीही बहुतेक कावळा शिवणं, बाजूला बसणं, वरून वाढलेलं जेवणं पाहिलंच असणार. एखाद्या दुपारी नुसतं विचारा, आई, तुम्हाला बाजूला बसवायचे तेव्हा कसं वाटायचं? उत्तर पूर्ण ऐका, मध्ये मावशींचं नाव काढू नका, त्याच दिवशी तर नकोच. आपलं अंग ज्या हातांनी दीड महिना धुतलं गेलं त्या हातांचं काय, ते त्यांच्या मनात आपोआप येईल किंवा नाही येणार. नाही आलं तर कप तुम्ही बदललेला आहेच, घर तुमचंही आहे.

पण कप ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पैसे पडत नाहीत त्याला. आता उठा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाकडे जा.

या महिन्याच्या पानावर कुठेतरी फुल्या असतील, माझ्याकडे दुधाच्या खाड्यांशेजारीच बाईचे खाडे असायचे, एकाच पेनने. दूध आलं नाही तर पैसे नाहीत, बाई आली नाही तर पैसे नाहीत, हिशोब सरळ. तुम्ही बँकेत आहात. तुम्हाला रविवार सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, आजारपणाची रजा, पगारी रजा, आणि हे सगळं तुमचा मॅनेजर चांगला आहे म्हणून मिळत नाही, तुमच्या लोकांनी भांडून कागदावर आणलंय म्हणून मिळतं. मावशींना १३ वर्षांत ठरलेली सुट्टी किती? मी तुमच्या जागी असते तर असं करीन: आठवड्याला एक सुट्टी, भरपगारी, वार त्यांनी ठरवायचा. आजारी पडल्या तर त्याचे दिवस वेगळे, त्याला खाडा म्हणायचं नाही. आपण गावाला गेलो, घर बंद, तरी पगार पूर्ण, कारण सुट्टी आपण घेतलीय. दिवाळीला महिन्याचा पगार बोनस, जुन्या साड्या वगैरे त्यात धरायच्या नाहीत. पगारवाढीचा महिना ठरलेला, म्हणजे त्यांना दरवर्षी "वहिनी, जरा बघा ना" म्हणत दारात घुटमळावं लागणार नाही. उचल दिली तर ती कशी फिटणार हे दोघींनी बसून. आणि हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात, एका कागदावर, त्यावर दोघींच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे. सह्या करायच्या आधी त्यांना तो घरी न्यायला सांगा, मुलीला किंवा शेजारणीला वाचून दाखवू देत, बदल सुचवू देत. भीमाने न वाचता अंगठा दिला होता, ते विसरू नका.

आठवड्याच्या सुट्टीचं मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ ला घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती लिहिलीय. भारताने तेव्हा बाजूने मत दिलं पण तो करार अजून लागू करून घेतला नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या बायकांना मंडळाकडे नोंदणी करता येते. मावशींचं वय काय आहे ते बघा, साठीच्या आत असतील आणि नोंदणी नसेल तर ते काम या महिन्यात करून टाका, कुठे काम करतात याचा मालकाचा दाखला लागतो आणि बऱ्याच घरांत तेवढी सही द्यायलाही लोक घाबरतात, तुम्ही द्या. तुमच्या पुण्यात तर १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. म्हणजे आपल्याला कादंबरी वाचून आज जे सुचतंय ते त्या बायकांनी तेव्हाच रस्त्यावर येऊन सांगितलं होतं, आपण ऐकलं नव्हतं. आणि मायाच्या बाबतीत जे घडलं त्यासाठी आपल्याकडे २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात घरकाम करणारी बाई आणि जिथे ती काम करते ते घर, दोन्ही येतात, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती मावशींना असू दे, आणि घरात कामाला येणाऱ्या कुठल्याही तरुण मुलीला.

अजून एक विचारते. मावशी सकाळी किती वाजता बाहेर पडतात आणि किती घरं करून परत जातात? आठ ते दोन धरलं तर सहा तास. या सहा तासांत त्या बाथरूमला कुठे जातात? मी माझ्या बाईला हे पाच वर्षांनी विचारलं, लाज वाटते सांगायला. ती म्हणाली, "पाणीच पीत नाही ताई सकाळपासून." रोज संडास-बाथरूम घासणारी बाई, आणि तिथे जाता येत नाही म्हणून तहानलेली राहते. तुमच्याकडे काय आहे मला माहीत नाही. पण "आमचं टॉयलेट वापरा" एवढं एकदा, साधेपणाने, सासूबाईंच्या देखत म्हणून टाका. त्यांची पावलं पण बघा एकदा, पावसाळ्यात सतत ओल्या फरशीवर राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, चालताना आग होते. घरात घालायला वेगळी रबरी चप्पल आणून ठेवा, त्यांच्या मापाची.

शेवटचं, तुमच्या वाचनाच्या ग्रुपसाठी. ही कादंबरी सेराच्या बाजूच्या घरात वाढलेल्या बाईने लिहिलीय, प्रामाणिकपणे लिहिलीय, अर्पणपत्रिकेत खऱ्या भीमाची आठवण आहे. पण आता पुढच्या महिन्यात बेबी हालदार वाचा, 'आलो आंधारि'. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे. बेबीताई बाराव्या वर्षी लग्न झालेल्या, पुढे नवऱ्याला सोडून तीन मुलांना घेऊन दिल्लीकडे आलेल्या, गुडगावात घरकाम करायच्या. प्रबोधकुमार म्हणून निवृत्त प्राध्यापक, प्रेमचंदांचे नातू, त्यांच्याकडे पुस्तकांचं कपाट पुसताना बेबीताईंचा हात रेंगाळायचा, ते प्रबोधकुमारांनी पाहिलं आणि आधी वाचायला पुस्तक दिलं, मग वही आणि पेन. काम आटोपल्यावर, मुलं झोपल्यावर बेबीताईंनी लिहिलं. २००२ मध्ये ते हिंदीत आलं, मग बंगालीत, इंग्रजीत, आणि अकरावीच्या हिंदीच्या पुस्तकातही गेलं. त्यात मालकीण कशी दिसते ते वाचा. उमरीगरबाईंच्या भीमाशी आपली गाठ पडते ती आपल्यातल्याच एकीने घालून दिलेली असते. बेबीताई थेट बोलतात, आणि त्यांना आपल्या माफीत फारसा रस दिसत नाही, कामाची वेळ, खोलीचं भाडं, मुलांची शाळा, याच्यात आहे.

माफीचं मनातून जात नसेल तर एक वाक्य चालेल, कागदावर सह्या झाल्यावर, त्या निघताना. "मावशी, कपाचं माझं चुकलं होतं." त्या काही म्हणाल्या तर ऐका. नाही म्हणाल्या तर दार लावून घ्या, त्यांची पुढची घरं असतात.

कागद कसा झाला ते कळवा. सुट्टीचा वार त्यांनी कुठला घेतला, तेही.

तुमची,
ताई